आज्जीचा आवाज, चित्रातले ओठ: रुबार्ब आणि ब्लेंडर आठ महिने वापरल्यावर

सोलापुरात घरबसल्या लहान मुलांसाठी तीन-चार मिनिटांच्या ॲनिमेशन गोष्टी करतोय. आवाज आमच्या आज्जीचा, चित्रं माझी. आवाजाशी ओठ जुळवायला रुबार्ब लिप सिंक हे सॉफ्टवेअर, बाकी सगळं ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्ही फुकट. अकरा गोष्टी झाल्या, आता खात्रीने सांगू शकतो.

रुबार्बला आवाजाची वेव्ह किंवा ऑग फाइल द्यायची. कोणत्या क्षणी तोंडाचा कोणता आकार हवा, त्याची यादी ते काढून देतं. मूळ आकार सहा, लागले तर आणखी तीन. ओळखण्याच्या पद्धती दोन: एक इंग्रजीपुरती, दुसरी फोनेटिक, म्हणजे भाषा न बघता नुसत्या ध्वनींवर चालणारी. मराठीला फोनेटिकच लावा. तरी हात फिरवावा लागतोच.

आज्जीचं एक वाक्य घ्या: "बाळा, भाकरीबरोबर कांदा फोडून घे की." अडीच सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. यात ओठ पाचदा मिटतात: बाळाचा ब, भाकरीचा भ, बरोबरचे दोन ब आणि फोडूनचा फ. रुबार्बने तीन पकडले. 'बरोबर' आज्जी झपाट्याने म्हणते, त्यात एक ब निसटला. फ ला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेला आकार मिळाला, तो इंग्रजी एफचा. आज्जीचा फ दोन्ही ओठ मिटून फुटतो. माझी भाची मात्र दात टेकवूनच फ म्हणते, तिच्या आवाजाला तो आकार तसाच ठेवतो. मिटलेले ओठ मी आवाजाच्या एक फ्रेम आधी आणतो आणि निदान दोन फ्रेम ठेवतो. एक फ्रेम म्हणजे जेमतेम ४२ मिलिसेकंद, डोळ्यांत भरत नाही.

ब्लेंडरमध्ये प्लेबॅक 'सिंक टू ऑडिओ'वर ठेवा. 'प्ले एव्हरी फ्रेम'वर असेल आणि संगणक मंद असेल, तर चित्र मागे पडतं आणि बरोबर असलेलं काम चुकीचं वाटतं. ऑडिओ स्क्रबिंगही चालू करा, एकेक फ्रेम सरकवत अक्षर ऐकू येतं.

सगळ्यात जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. चार मिनिटांची गोष्ट, सुरुवात चोख, शेवटी ओठ आवाजाच्या मागे. तीन रात्री मी तोंडाचे आकारच तपासत बसलो. दोष एडिटिंगमध्ये होता: चित्रं सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने काढलेली, तिथला प्रोजेक्ट २३.९७६ चा. चार मिनिटांत जवळजवळ सहा फ्रेमचा फरक पडतो. तेव्हापासून आधी एवढंच बघतो: चूक पहिल्यापासून सारखी असेल तर आवाजाची फाइल सरकवायची, वाढत जात असेल तर फ्रेमचा वेग तपासायचा. रेकॉर्डिंग एमपी३ मध्ये करू नका, त्या फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा भरली जाते. वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने. मग एका फ्रेमला बरोबर २,००० नमुने येतात, हिशोब सरळ राहतो.

रेकॉर्डिंग आम्ही रात्री उशिरा करतो, शेजारचे यंत्रमाग थांबल्यावर. आवाज घुमू नये म्हणून खोलीत दोरीवर चार सोलापुरी चादरी टांगतो. खडखडाट मागे राहिला की रुबार्ब शांत जागेतही तोंड हलवतं, हे दोनदा अनुभवलंय.

पूर्वी एका गोष्टीच्या ओठांना चार संध्याकाळी जायच्या, आता दीड. शेवटची तपासणी आज्जी करते. परवा चष्मा लावून बसली, दोनदा बघितलं आणि म्हणाली, "भाकरीला तोंड मिटलं न्हाई की रं हितं." खरंच, भ एक फ्रेम उशिरा होता.