हॅमिल्टन की जेफरसन?
१७९१ चा अमेरिकेतला वाद, केंद्र सरकारने राष्ट्रीय बँक काढायची का. परराष्ट्रमंत्री जेफरसनचं म्हणणं, राज्यघटनेत बँकेचा शब्दच नाही, आणि संसदेने 'आवश्यक' ते कायदे करावेत असं घटनेत आहे, त्यातलं 'आवश्यक' म्हणजे ज्याच्यावाचून अडतंय तेवढंच, बाकी सगळं राज्यांचं. अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणतो अहो, आवश्यक म्हणजे कामाला उपयोगी पडेल ते, नाहीतर सरकार चालवायचं कसं? राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने हॅमिल्टनचं ऐकून सही केली, पुढे १८१९ मधे मॅककुलॉक खटल्यात सरन्यायाधीश मार्शलच्या सुप्रीम कोर्टानेही तीच बाजू उचलून धरली, वर मेरीलँड राज्याला या बँकेवर टॅक्स लावता येणार नाही असंही सांगितलं.

केंद्र सरकार डोईजड होईल ही जेफरसनची भीती मला पटते, पण याच गड्याने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०३ मधे, घटनेत कुठे लिहिलेलं नसताना, फ्रान्सकडून लुईझियानाचा मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला की!