'बोर्डच गेलंय ताई' म्हणत ४,८०० रुपये घेतले

गणपतीच्या आधी आमचा ३२ इंची टीव्ही बंद पडला. लाल दिवा लुकलुकायचा, चालू होता होता परत बंद. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. नेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला, तर कंपनीचा माणूस म्हणून एक मुलगा आला. मागचं झाकण उघडून दोन मिनिटांत निकाल: "पॉवरचं बोर्डच गेलंय ताई, नवीन टाकावं लागेल." बोर्ड पिशवीत घालून घेऊन गेला, संध्याकाळी बसवून दिलं. ४,८०० रुपये रोख, ३ महिन्यांची वॉरंटी तोंडी. बिल 'व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणाला, ते अजून यायचंय. सासूबाईंची मालिका चुकली नाही, म्हणून मीही खूश!

दीड महिन्यात पुन्हा तेच.

या वेळी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. त्यांची उभी हयात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेली. त्यांनी बोर्ड खिडकीपाशी उजेडात धरलं. सगळीकडे ७ वर्षांची धूळ, फक्त तीन कपॅसिटरांभोवती (वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे पार्ट) चकाचक. उलटं केलं तर त्याच तीन जागी सोल्डरभोवती चिकट पिवळा थर, नव्याने सोल्डर केल्याची खूण. म्हणजे बोर्ड आमचंच! तीन कंडेन्सर बदलून (काका अजून कंडेन्सरच म्हणतात) अख्ख्या बोर्डाचे पैसे लावलेले. तेही धड नाहीत. शेजारचे मूळचे १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारे, याने घातलेले ८५ चे. त्यातला एक तर १२ व्होल्टच्या लाइनवर १० व्होल्टचा. त्याचं डोकं पुरीसारखं फुगलं होतं.

काकांनी लॅमिंग्टन रोडवरून १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचे तीन आणले, ६० रुपयांच्या आत. व्होल्ट जास्तीचा चालतो, कमीचा अजिबात नाही. टीव्ही सुरू आहे.

त्या मुलाला फोन केला. 'टीव्ही परत बंद पडलाय' एवढंच म्हटलं, तर लगेच, "कंडेन्सर गेले असतील ताई, त्यांची वॉरंटी नसते." नवीन बोर्ड कुठे गेलं विचारलं, तेव्हा फोन कट.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण माझ्याकडे ना बिल, ना ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद. बोर्ड घराबाहेर जाण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, काढलेला पार्ट मागून घ्या, काय बदललं ते बिलावर लिहून घ्या. आणि व्हिडिओ बघून स्वतः झाकण उघडू नका. त्या बोर्डावरचा मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तो धरून ठेवू शकतो. काकांनीसुद्धा आधी मीटर लावला, मगच हात.