ठाण्याची डीबी की जिल्ह्याची एलसीबी?

माझा पुतण्या पोलीस शिपाई आहे. भरती होऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "काका, दोन्हीकडून विचारणा आहे. आमचे पीआय साहेब म्हणतात डीबीत ये. आणि एलसीबीत एक जागा रिकामी होतेय, तिथले फौजदार म्हणतात अर्ज टाक. काय करू?"

मी दोन्हीकडे काम केलंय आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालोय. त्याला निम्मंच सांगून झालं होतं, तेवढ्यात त्याला नाकाबंदीला बोलावलं. उरलेलं इथे लिहितो. त्याच्यासारखे आणखी असतील. माझ्या ठाण्याचं आणि जिल्ह्याचं नाव मात्र घेणार नाही.

खात्याबाहेरच्यांसाठी आधी ओळख. डीबी म्हणजे डिटेक्शन ब्रँच, कागदोपत्री गुन्हे प्रकटीकरण पथक. ते ठाण्याचंच असतं, प्रभारी अधिकाऱ्याच्या हाताखाली. तालुक्याच्या ठाण्यात एक फौजदार, तोही दहा कामांत अडकलेला, आणि तीन-चार अंमलदार. आम्ही चौघे होतो. एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा. ती थेट एसपी साहेबांची, म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांची, निरीक्षकाच्या ताब्यात, आणि जिल्हा हीच तिची हद्द. कोकण किनाऱ्यावर म्हणाल तर अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला तिची ऑफिसं. आम्ही तिथे वीसेक जण होतो, शिवाय ड्रायव्हर.

पण खरा फरक माणसांच्या संख्येचा नाही. एलसीबीत गुन्हा दाखल होत नाही. गुन्हा ठाण्यातच दाखल होतो; एलसीबी समांतर तपास करते, आरोपी पकडते, मुद्देमाल जप्त करते आणि 'पुढील कारवाईसाठी' ठाण्याच्या ताब्यात देते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो: मागे अधिकारी, मध्ये बुरखा घातलेला आरोपी, पुढे टेबलावर दागिने. हातात फाइल घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणारा त्या फोटोत नसतो. तो ठाण्याचा असतो.

बंद घर

आपल्या कोकणातली घरफोडी म्हणजे बहुतेक वेळा बंद घर. मालक विरारला किंवा डोंबिवलीला. शिमग्याला घर उघडतं, पालखी नाचवून झाली की कुलूप, ते थेट गणपतीला निघतं. आत जाऊन बघतो तर मागचं दार उचकटलेलं, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी गायब, कपाटातली आजीची पाटली गायब. फिर्यादीत काय लिहिणार? 'मार्च ते ऑगस्ट दरम्यान अज्ञात चोरट्याने.' आता यात टॉवर डंप काढायचा तरी कुठला? अमुक वेळेला अमुक टॉवरवर किती मोबाइल होते त्याची ती यादी. इथे वेळच माहीत नाही. सीसीटीव्ही असलाच तर नाक्यावरच्या दुकानाचा, आणि त्यात मागचे काही दिवस शिल्लक. ठसे घ्यावेत तर मधला पाऊस सगळ्या घरभर ओल सोडून गेलेला.

अशा गुन्ह्यात एलसीबीची गाडी येते, पाहणी करते आणि जाते. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे धरायला दोराच नसतो. डीबीवाल्याकडे असतो. पावसाआधी कौलं कोणी परतली? आंब्याची कलमं कराराने कोणी घेतली होती, आणि राखणीला ठेवलेले गुरखे बागेतून कधी गेले? पंप दुरुस्त करायला कोण आलं होतं? भंगाराचा टेम्पो वाडीत कुठल्या आठवड्यात फिरला? हे पोलीस पाटलाला अर्धं माहीत असतं, उरलेलं अर्धं त्याच्या बायकोला.

आमचा एक गुन्हा असाच अडला होता. दोन महिने काही हाती नाही. एक दिवस बाजारात ओळखीची मासळीवाली सहज बोलून गेली, त्या वाडीतला अमका हल्ली सुरमई घेतो आणि उधारी ठेवत नाही. तिथून धागा निघाला तो तालुक्याबाहेरच्या एका भंगारवाल्यापर्यंत. बाकीची भांडी वितळायला गेली होती, पण एक हंडा त्याच्या घरात पाणी तापवत होता. त्याच्या बायकोला आवडला म्हणून ठेवून घेतलेला. हंड्याच्या गळ्यावर फिर्यादीच्या आजोबांचं नाव आणि लग्नाचं साल कोरलेलं. ओळख पटवायला यापेक्षा चांगला पुरावा मी नोकरीभर पाहिला नाही. भांड्यांवर नावं घालायची पद्धत गेली, त्यात पोलिसांचं मोठं नुकसान झालं.

हे कौशल्य शिकवून येत नाही आणि बदली झाली की सोबतही येत नाही. बातमीदार तुम्हाला फोन करतो कारण तुम्ही रोज त्या चहाच्या टपरीवर उभे असता. एलसीबीत गेल्यावर सहा महिन्यांत माझे निम्मे फोन बंद झाले.

एका रात्रीत आलेले

आता उलट बाजू. हायवेलगतच्या तीन शहरांत एका रात्रीत सात फ्लॅट फुटले. कडीकोयंडा तोडायची पद्धत एकच, तिन्ही ठिकाणी पांढरी गाडी, नंबरप्लेट खोटी. तीन ठाणी, तीन गुन्हे, आणि प्रत्येक डीबी आपापल्या हद्दीत चकरा मारतेय. हे काम एलसीबीचंच. तिन्ही जागांचे डंप एकत्र ठेवले की तिन्हीत असलेला नंबर सापडतो. मग त्याचा सीडीआर, म्हणजे आल्या-गेल्या कॉलची यादी, मग आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा नंबर, मग त्याच हँडसेटमध्ये आधी चाललेलं दुसरं सिम. अशी मागणी मोबाइल कंपनीकडे एसपी ऑफिसमार्फत जाते. तालुक्याचा अंमलदार पत्र पाठवून वाट बघत बसतो. एलसीबीवाला जिना चढून सायबरच्या टेबलाशी जाऊन बसतो. सगळं अंतर त्या जिन्याचं आहे.

पुढे परराज्यात जायचं. चार जण, एक गाडी, तिथल्या ठाण्यात नोंद, आरोपी धरला की तिथल्या कोर्टाचा ट्रान्झिट रिमांड, म्हणजे त्याला इकडे आणायची परवानगी, आणि सलग ड्रायव्हिंग करून परत. मजा आहे यात, खोटं कशाला बोलू. पण डिझेल, जेवण, लॉज आधी स्वतःच्या खिशातून. टीए म्हणजे प्रवासभत्त्याचं बिल मंजूर व्हायला माझं एकदा वर्ष लागलं होतं. हप्त्यावर घर घेतलेल्याने हा हिशेब आधी करावा.

गोव्याच्या दारूची वाहतूक, अमली पदार्थ, जुगाराच्या धाडी यांतही एलसीबीचा हात लांब पोचतो. दक्षिणेकडे बांदा-इन्सुलीच्या बाजूला हे काम इतकं असतं की घरफोडीला वेळ मिळत नाही अशी कुरकुर ऐकू येते. आणि समुद्र कधी काय आणून टाकेल याचा नेम नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली, त्यात तीन एके-४७ रायफली निघाल्या. पुढच्याच ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. असं झालं की डीबी, एलसीबी हा भेद उरत नाही. सगळेच वाळू तुडवतात.

कागद

इथे तरुण पोरं फसतात. त्यांना वाटतं तपास म्हणजे पकडणं. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आधीही होतं आणि आताही आहे. चालतो तो आरोपीच्या सांगण्यावरून निघालेला माल, तेवढाच भाग. पूर्वीचं २७ कलम, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं २३. त्याचा निवेदन पंचनामा कसा लिहायचा, पंच कुठून आणायचे, आरोपी पुढे चालला की पोलीस, हे ठाण्यात शिकता येतं. छोट्या गावात पंच मिळणं हीच कसरत. जो मिळतो तो आरोपीच्या चुलत्याचा व्याही निघतो आणि चार वर्षांनी कोर्टात फितूर होतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करावंच लागतं. वाडीत मोबाइलला रेंज नसते, मग चित्रीकरण करून ते पाठवायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढायचं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, ही तरतूदही आली. फिर्यादीला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायची. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क. या सगळ्या तारखा ठाण्याच्या डोक्यावर. एलसीबीवाल्याचं नाव साक्षीदारांत येतं, जप्तीचा कागद त्याने नीट केलेला असावा लागतो, पण तारखा मोजत तो जागत नाही. उद्या खात्याची परीक्षा देऊन फौजदार व्हायचं असेल तर कधीतरी जागलेलं बरं.

बंदोबस्त

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात सांगितलं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा. तालुक्याच्या ठाण्यात त्याचं काय झालं ते गणपतीत येऊन बघा. डीबीचे चारपैकी दोन विसर्जनाच्या घाटावर, एक हायवेवर चाकरमान्यांची वाहतूक हाकतोय, आणि एक आजारी. मंत्र्यांचा दौरा, निवडणूक, कोणाची तरी जत्रा, मध्येच समन्स बजावणं. माझ्या हिशेबाने वर्षातले निम्मे दिवस डीबीवाला डीबीचं काम करतच नाही. एलसीबीत यातून बरीच सुटका आहे. तपासासाठी सलग वेळ मिळणं ही त्या शाखेची सगळ्यात मोठी चैन. गाडी आणि फोटो त्याच्यापुढे काही नाहीत.

त्याची किंमत वेगळी. तिथे महिन्याला आकडा विचारतात. किती उघड, किती बाकी. आणि हद्द जिल्ह्याची असल्याने रात्री दोनला फोन आला तर जागा घरापासून ऐंशी किलोमीटर असू शकते. डीबीत रात्री दोनला उठलात तरी पहाटे घरचा चहा मिळतो.

महिला अंमलदारांनी आणखी एक बघावं. दोन्हीकडे त्या कमी. आरोपी बाई असली किंवा घरात बायका असल्या की त्यांच्यावाचून धाड निघत नाही, पण एरवी त्यांना टेबलावर बसवून ठेवतात. विचारणा झाली तर 'लिखापढीला की तपासाला' हे तोंडावर विचारून घ्यावं.

घराचं म्हणाल तर रत्नागिरी किंवा अलिबागला मुलांच्या शाळा-कॉलेजची सोय आहे. ओरोसला कचेऱ्या सगळ्या आहेत, बाजार मात्र कुडाळला नाहीतर कणकवलीला. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर तिची बदली कधी होईल ते आधी बघा. यात मी शहाणपणा केला नाही आणि तीन वर्षं खाणावळीत जेवलो.

मग काय करावं

माझं मत सरळ आहे. दहा वर्षांच्या आत नोकरी असेल तर आधी डीबी. चार-पाच गुन्हे फिर्यादीपासून साक्षीपर्यंत स्वतः ओढून न्या, मग एलसीबीला जा. तिथे गेल्यावर सीडीआर वाचायला तीन महिन्यांत येतो. वाडीत जाऊन पडवीत बसायला, पाणी मागायला आणि गप्प राहायला वर्षं लागतात. शिवाय ठाण्याचं दुःख माहीत असलेला एलसीबीवाला जप्तीचा कागद नीट करून देतो. न करणारे मी पाहिलेत, आणि त्यांच्या चुका निस्तरत बसलोय.

दोन अपवाद. ठाण्याचे प्रभारी डीबीला फक्त धाडींपुरतं आणि बंदोबस्तापुरतं वापरत असतील तर तिथे शिकण्यासारखं काही नाही. सरळ एलसीबीचा अर्ज टाका. आणि ज्याचा हात कॉम्प्युटरवर चालतो, ज्याला माणसांपेक्षा आकड्यांशी जास्त जमतं, त्याला वाडीवस्तीवर फिरवून फुकट घालवू नये.

पुतण्याने शेवटी विचारलं होतं, गणपतीत रजा कुठे मिळेल. कुठेच नाही. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, तेव्हा विनंती अर्ज मार्चच्या आत प्रभारी अधिकाऱ्यांमार्फतच जाऊ दे. परस्पर एसपी ऑफिसला दिलास आणि एलसीबीची जागा भरली गेली, तर पुढची वर्षं त्याच पीआय साहेबांच्या हाताखाली काढायची आहेत.