रंगवलेले जुने गोल्फ बॉल : मे ते डिसेंबर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. जुना बॉल घ्यायचा असेल तर धुतलेला घ्या, रंगवलेला नको. धुतलेला म्हणजे तळ्यातून किंवा झाडीतून काढून नुसता साफ केलेला, ओरखड्यांसकट. रंगवलेल्यावर नवा पांढरा रंग आणि वर चकाकीचा थर चढवलेला असतो, त्यामुळे तो थेट खोक्यातून काढल्यासारखा दिसतो. किंमत दोन्हींची नव्यापेक्षा बरीच कमी. मी मेमध्ये एकाच मॉडेलचे दोन्ही प्रकार मागवले, सोबत तोच बॉल नवाही घेतला, आणि येरवड्याच्या कोर्सवर तिन्ही आलटून पालटून खेळलो.

पटिंगला (हिरवळीवर बॉल भोकाकडे घरंगळवताना) आणि छोट्या चिपला (हिरवळीजवळून मारलेल्या हलक्या, बुटक्या फटक्याला) फरक जाणवला नाही. तिथे हवेला काम करायला वेळच मिळत नाही.

फरक दिसला तो ड्रायव्हरने (सर्वात लांब मारायच्या काठीने) आणि लांबच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या काठीने) मारताना. रंगवलेला बॉल सुरुवातीला छान निघायचा, मग मध्येच वर चढायचा, हवेत तरंगल्यासारखा व्हायचा आणि नव्याच्या बराच अलीकडे पडायचा. दुपारचा पश्चिमेचा वारा समोरून असला की हे फारच उघड दिसायचं. माझ्या कॅडीदादांनी न विचारता सांगितलं, "साहेब, हा बॉल वाऱ्यात उभा राहतो." त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

कारण डिंपलमध्ये, म्हणजे बॉलभर असलेल्या छोट्या खळग्यांमध्ये आहे. गुळगुळीत गोळ्यावरून हवा लवकर सुटते आणि मागे कमी दाबाचा रुंद पट्टा तयार होतो. तोच गोळ्याला मागे खेचतो. डिंपल बॉललगतच्या हवेच्या पातळ थरात खळबळ माजवतात. खळबळलेला थर बॉलच्या पाठीला जास्त वेळ धरून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि हवेचा रोध जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय उलट्या फिरकीमुळे बॉल हवा खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. रोध आणि उचल यांचा हा मेळ डिंपलचा आकार, काठ आणि मुख्यतः खोली यांवर ठरतो, आणि ही खोली असते साधारण पाव मिलिमीटर! तेवढ्यात रंगाचे दोन-तीन थर ओतले की उरतं काय? दरवर्षी ऑइलपेंटचा हात मारलेल्या वाड्याच्या कोरीव दारासारखं होतं : नक्षी दिसते, पण बुजलेली. डिंपल उथळ झाले की बॉल जास्त उंच चढतो आणि पुढे जायचं बळ वर जाण्यात घालवतो. मला दिसलं ते नेमकं हेच.

ओरखड्यांना घाबरून लोक रंगवलेला घेतात, म्हणून थोडा इतिहास सांगतो. १८४८च्या सुमारास गटापर्चाचे (झाडाच्या रबरासारख्या चिकाचे) गुळगुळीत बॉल आले, तेव्हा खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की ठोकरा खाल्लेला जुना बॉल नव्यापेक्षा चांगला उडतो. मग नवे बॉलसुद्धा हातोडीने ठोकून खडबडीत करू लागले. डिंपलचं पेटंट विल्यम टेलर यांनी इंग्लंडमध्ये घेतलं ते १९०५च्या सुमारास. म्हणजे किरकोळ खरचटलेल्या बॉलला भिण्याचं कारण नाही. कव्हर फाटलेला किंवा चिरलेला मात्र घेऊ नका.

माझी दुसरी तक्रार दिशेबद्दल आहे. काही रंगवलेल्या बॉलवर एका बाजूला रंग जाड होता. सरळ बसलेला फटकाही कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकायचा. डिंपलच्या खोलीतल्या फरकाने बॉलचं वळण बदलता येतं, हे सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतल्या पोलारा बॉलने दाखवून दिलं होतं. त्यात स्लाइस (फटका हवेत बाजूला वळणं) कमी व्हावा म्हणून खोली मुद्दाम वेगवेगळी ठेवली होती. त्यानंतर नियमांत बॉल सर्व बाजूंनी सारखा वागला पाहिजे, ही अट आली. तिथे ते ठरवून केलेलं होतं, इथे ब्रशच्या हातावर सोडलेलं.

पावसाळ्यात तर आणखी गंमत. आपली काळी माती डिंपलमध्ये जी बसते, ती ओल्या टॉवेलनेही पटकन निघत नाही. चिखल उजवीकडे असेल तर बॉल बहुधा डावीकडे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये बॉल उचलून पुसायची स्थानिक सवलत लागू असेल, तर ती प्रत्येक वेळी घ्या. मी पिशवीत मऊ दातांचा टूथब्रश ठेवतो. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) काही वेळा खेळल्यावर रंगाचे पापुद्रेही निघू लागले, आणि मग त्या बॉलचा काहीच भरवसा राहिला नाही.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, हवा मुंबईपेक्षा जवळपास पाच टक्के विरळ. त्यामुळे इथे बॉल थोडा लांब जातो, पण तो फायदा तिन्ही बॉलना सारखाच मिळतो. रंगवलेल्याची तूट त्याने भरून निघत नाही.

धुतलेले बॉल डिसेंबरपर्यंत नव्याच्या इतके जवळ राहिले की मला हाताने फरक सांगता येत नव्हता. उरलेले रंगवलेले मी चिपिंगच्या सरावाला ठेवले आहेत. आता जुने मागवताना विक्रेत्याकडून तिरप्या उजेडातला जवळून काढलेला फोटो मागतो. डिंपलच्या काठाची सावली धारदार दिसली, तरच पैसे पाठवतो.