निळ्या अंड्याची आतली बाजू

गेल्या महिन्यात गडहिंग्लजच्या एका गृहस्थांनी ओळखीतून माझा नंबर मिळवला आणि फोन करून विचारले, "निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या जाहिरातीत तुमचा फोटो पाहिला, खरेच समाधानी आहात ना?" दीड वर्षापूर्वी ज्याने मला चोवीस हजारांना फसवले, तो आता माझाच चेहरा दाखवून इतरांना गाठतो आहे, हे मला त्या क्षणी समजले. आजवर लाजेपोटी मी ही गोष्ट चारचौघांत काढली नव्हती. आता लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

कसबा बावड्यातील आमच्या परसात आजोबांच्या काळापासून गावरान कोंबड्या आहेत, त्यामुळे कोंबडीतले आपल्याला कळते असा माझा समज होता. चिली देशातील अरौकाना निळी अंडी देते, फ्रान्समधील मारान्स गडद चॉकलेटी देते आणि या दोहोंच्या संकरातून ऑलिव्ह रंगाची अंडी मिळतात, हे मोबाइलवर पाहून मी भारावून गेलो होतो. मेरी वेदर मैदानावर भरणाऱ्या एखाद्या कृषी प्रदर्शनात अशा रंगीत अंड्यांचा ट्रे मांडावा, अशी फार इच्छा होती. २०१९ मध्ये आपल्याच सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या नावावर शेतकऱ्यांची झालेली फसवणूक मी जवळून पाहिली होती. पण तिथे परताव्याचे आमिष होते आणि माझी तर नुसती हौस, असे मी स्वतःला समजावले. हौशी माणसाला आपण लोभी नाही याचा फार भरवसा असतो.

शिरोली नाक्याजवळ महामार्गाच्या कडेला त्या विक्रेत्याशी व्यवहार झाला. महिनाभराची बारा माद्या पिल्ले प्रत्येकी १,५०० रुपयांना आणि एक वाढलेला नर ६,००० रुपयांना ठरला. सोबत 'पिल्लांच्या आईची' म्हणून सहा आकाशी अंडी त्याने भेट दिली, ट्रे माझ्या हातात ठेवून फोटो काढला आणि "यांत जीव नाही, उबवायला ठेवू नका," असे दोनदा बजावले. मी ती अंडी घरी आणून शोकेसमध्ये मांडली. पिल्ले परदेशी अंड्यांपासून काढली असल्याचा पुरावा म्हणून त्याने कुरिअरची एक पावती दाखवली. परदेशातून उबवणीची अंडी आणायची तर केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना लागतो आणि क्वारंटाइनचे नियम पाळावे लागतात, हे मला नंतर कळले.

या धंद्यातील खरी मेख वेळेत आहे. पिल्लू पाहून ते पुढे कोणत्या रंगाचे अंडे देईल हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही; तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, साधारण पाच-सहा महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते आणि नर तर अंडे देतच नाही, मात्र निळ्या रंगाचा गुण तो आपल्या मुलींना देऊ शकतो. म्हणजे खोटेपणा उघडा पडेपर्यंत विकणाऱ्याला महिनोन्‌महिने मोकळे मिळतात.

तरीही खुणा होत्या. अरौकानाचा तुरा वाटाणा तुरा म्हणून ओळखला जातो. तो बुटका असून त्यावर तीन बारीक ओळी असतात. या तुऱ्याचा आणि निळ्या अंड्याचा गुणसूत्रावरील ठिकाणा अगदी शेजारचा असल्याने या जातीत दोन्ही गुण बहुधा जोडीने येतात. माझ्या पिल्लांना तिसऱ्या महिन्यात लेगहॉर्न जातीच्या कोंबडीसारखा उभा, करवतीसारखा एकेरी तुरा फुटला. विचारले, तर "वयानुसार बसतो" असे उत्तर मिळाले. अरौकानासारखे कानाजवळ पिसांचे झुपके असलेली पिल्ले "शंभर अंड्यांतून शंभर" निघतात, असेही तो सांगत असे. वस्तुतः झुपक्याचा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आला, तर ते पिल्लू कवचातच मरते. त्यामुळे हा दावा ऐकूनच मी सावध व्हायला हवे होते.

दिवाळीनंतर पहिले अंडे मिळाले ते फिकट तपकिरी, आमच्या गावरान कोंबडीच्या अंड्याशेजारी ठेवले तर ओळखू न येणारे. "हिरवा पाला वाढवा, रंग चढेल," असा सल्ला फोनवरून आला. पाल्याने बलकाचा रंग गडद होतो, कवच निळे होत नाही, एवढे मला तोवर वाचून समजले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती शोकेसमधली एकदा फोडून तरी बघा." मी परसात नेऊन एक फोडले. दुर्गंधीने शेजारचे आबासुद्धा बाहेर आले, आणि नाकाला रुमाल लावून मी कवच धुऊन पाहिले, तर आतून ते पांढरेशुभ्र होते.

तपकिरी रंग कवच तयार होताना शेवटी वरच्या थरावर चढतो, म्हणून तपकिरी अंड्याचे कवच आतून फिकट दिसते. निळा रंग मात्र कवचाच्या संपूर्ण जाडीत मुरलेला असतो; आतला पातळ पापुद्रा सोलला की तिथेही निळाई दिसते. हिरवे अंडे म्हणजे निळ्या कवचावर चढलेला तपकिरी थर, त्यामुळे तेही आतून निळेच निघते. माझ्या शोकेसमधली पांढरी अंडी रंगात बुडवलेली होती.

पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा हवालदारांनी विचारले, "कोंबड्या तर मिळाल्या ना?" प्रश्न चुकीचा नव्हता. कागदावर जातीचे नाव नव्हते, पावती नव्हती, आणि ऑनलाइन पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवायचे असते, तिथे मी सात महिन्यांनी पोहोचलो होतो.

गडहिंग्लजच्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले की, अंडे त्याच्याच ट्रेमधून तुम्ही निवडा, त्याच्यासमोर फोडा, पापुद्रा सोलून पाहा आणि अंड्यावर आलेली मादी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज एक रुपयाही पाठवू नका. दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. अंडे फोडायचे म्हणताच विक्रेत्याने, "एवढी महाग अंडी फोडायची नसतात," असे म्हणून फोन ठेवला होता.