दुसऱ्या खुर्चीचे चार रविवार

पश्चिम नागपुरातील एका स्पर्धा परीक्षा वर्गाने डिसेंबर २०२४ मध्ये ‘राज्याचा दुसरा कारभारी’ या विषयावर चार रविवारांची छोटी बॅच घेतली. शुल्क अठराशे रुपये, वेळ दुपारी दोन ते साडेचार, सोबत छापील नोट्स आणि दोन उत्तरे तपासून देण्याचे आश्वासन, असा एकूण व्यवहार होता. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक होणार असल्यामुळे, पर्यायांवर गोल काळे करण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या नोकरदार उमेदवाराला असा एखादा विषय खोलात शिरून शिकण्याची गरज वाटत होती. उपमुख्यमंत्री या एकाच पदावर दहा तास काय बोलणार, ही शंका मनात असूनही मी पैसे भरले. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत.

पहिला रविवार १ डिसेंबरचा होता. विधानसभेचा निकाल लागून आठवडा उलटला होता, मुख्यमंत्री कोण हे जाहीर झाले नव्हते, आणि बर्डीवरच्या चहाच्या टपरीपासून आमच्या कार्यालयातील आस्थापना शाखेपर्यंत सगळीकडे त्याहून मोठा प्रश्न उपमुख्यमंत्री कोण होणार हा होता. शिकवणाऱ्या मॅडमनी या वातावरणाचा फायदा घेतला, पण सुरुवात मुंबईपासून न करता थेट अमेरिकेपासून केली. त्यांनी खारीचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि उपस्थित छत्तीस जणांना चिठ्ठ्या वाटल्या. संत्रा आणि पळस असे दोन काल्पनिक पक्ष, प्रत्येकाचा एक गव्हर्नरपदाचा (तेथील राज्याचा निवडून आलेला प्रमुख) आणि एक लेफ्टनंट गव्हर्नरपदाचा (त्याच्याखालचा दुसरा) उमेदवार, आणि चौघांच्याही दोन-दोन ओळींच्या ओळखी फळ्यावर. पहिल्या फेरीत जोडीला मिळून एकच मत द्यायचे होते. संत्रा पक्षाची जोडी एकवीस विरुद्ध पंधरा मतांनी निवडून आली. दुसऱ्या फेरीत दोन पदांसाठी दोन वेगळ्या चिठ्ठ्या होत्या. मतदार तेच, उमेदवार तेच, पण या वेळी गव्हर्नर संत्र्याचा आणि लेफ्टनंट गव्हर्नर पळसाचा निघाला. माझ्या शेजारच्या मुलीने दोन्ही फेऱ्यांत प्रामाणिकपणे मत दिले होते आणि हा निकाल पाहून तिने चिठ्ठ्या पुन्हा मोजण्याची मागणी केली. पुन्हा मोजल्या, आकडे तेच आले.

या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा अठराशे रुपये देईन. दुसऱ्या क्रमांकाच्या पदाचे वजन त्याच्या नावात नसून ते भरण्याच्या रीतीत असते, ही गोष्ट कोणत्याही नोट्सने इतकी पक्की बसवली नसती. त्यानंतर आलेले आकडे आपोआप लक्षात राहिले. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ४५ राज्यांत लेफ्टनंट गव्हर्नर आहे. टेनेसी आणि वेस्ट व्हर्जिनिया येथे राज्याच्या सिनेटचा, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्षच ही पदवी वागवतो, म्हणून थेट मतदारांकडून निवड होते ती ४३ राज्यांत. त्यांतील २६ राज्यांत गव्हर्नरसोबत जोडीने, तर १७ राज्यांत स्वतंत्र मताने. मेन आणि न्यू हॅम्पशायरमध्ये हे पद नाही, तेथे गव्हर्नरची जागा रिकामी झाल्यास सिनेटचा अध्यक्ष पुढे येतो. ओरेगन आणि वायोमिंगमध्ये ते काम सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणुका आणि नोंदी पाहणारा अधिकारी करतो. ॲरिझोनाच्या मतदारांनी २०२२ मध्ये हे पद निर्माण करण्यास मान्यता दिली असून पहिली निवड २०२६ च्या निवडणुकीत व्हायची आहे.

उदाहरणांच्या बाबतीत मॅडमचा हात सढळ आहे. कॅलिफोर्नियात स्वतंत्र मतदान असल्याने १९७९ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन डेमोक्रॅट, तर लेफ्टनंट गव्हर्नर माइक कर्ब रिपब्लिकन होते. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की त्याचे अधिकार दुसऱ्याकडे जातात, अशी तेथील राज्यघटनेची तरतूद असल्यामुळे ब्राउन दौऱ्यावर निघताच कर्ब यांनी एका न्यायाधीशाची नेमणूक करून टाकली. ब्राउन यांनी परतल्यावर ती मागे घेतली आणि वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने कर्ब यांचा अधिकार मान्य केला, पण नेमणूक पक्की होण्यापूर्वी ती मागे घेण्याचा ब्राउन यांचा अधिकारही मान्य केला. सासूबाई तीर्थयात्रेला गेल्यावर किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असतो. घटनेत लिहून ठेवला की त्याचे काय होते, ते येथे दिसले. टेक्सासमध्ये याच्या उलट घडले. लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक हे डेमोक्रॅट, १९९५ मध्ये आलेले गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश रिपब्लिकन, आणि तरीही दोघांचे चांगले जमले. टेक्सासचा लेफ्टनंट गव्हर्नर ३१ सदस्यांच्या सिनेटचे अध्यक्षस्थान सांभाळतो, समित्या नेमतो, कोणते विधेयक कोणत्या समितीकडे जाईल ते ठरवतो, आणि त्यामुळे तेथे हे पद नामधारी आहे असे म्हणण्याची सोय नाही. इलिनॉयमध्ये मात्र लेफ्टनंट गव्हर्नर डेव्ह ओनील यांनी १९८१ मध्ये करण्यासारखे काही काम नाही म्हणून कंटाळून राजीनामा दिला. हे ऐकून मागच्या बाकावरून कोणीतरी ‘आमच्या साहेबांना सांगा’ असे पुटपुटले, आणि मॅडमनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखे केले.

दुसरा रविवार येईपर्यंत, म्हणजे ५ डिसेंबरला, आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री म्हणून, तर एकनाथ शिंदे आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्री म्हणून कार्यभार स्वीकारण्यासाठी शपथ घेतली होती. त्यामुळे महाराष्ट्राचा भाग शिकवायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हा शब्दच नाही. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्यांची, आणि त्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची नियुक्ती करतात. तिसऱ्या अनुसूचीत उपमुख्यमंत्र्यासाठी शपथेचा वेगळा नमुना नाही. देवीलाल यांनी १९८९ मध्ये उपपंतप्रधान या शब्दासह शपथ घेतल्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तेव्हा तो शब्द केवळ वर्णनात्मक असून ते इतर मंत्र्यांसारखेच मंत्री आहेत असे न्यायालयाने १९९० मध्ये म्हटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपमुख्यमंत्र्यांच्या नेमणुकांना आव्हान देणारी याचिकाही याच विचाराने फेटाळली गेली. म्हणजे ज्या पदावरून आठवडाभर साऱ्या राज्याची झोप उडाली होती, ते पद घटनेच्या दृष्टीने एक बिरूद आहे.

मग ते येते कोठून, याचे उत्तर देताना मॅडम जे सांगून गेल्या ते मला या बॅचमधील सर्वांत मोलाचे वाटले. महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री नाशिकराव तिरपुडे हे विदर्भाचे. १९७८ मध्ये काँग्रेसच्या दोन तुकड्या एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांचे सरकार बनले, त्यात इंदिरा काँग्रेसचे तिरपुडे दुसऱ्या खुर्चीवर बसले, आणि ते सरकार मार्च ते जुलै एवढेच टिकले. पद जन्मालाच आले ते आघाडीची मोट बांधण्यासाठी. पुढे १९९५ मध्ये शिवसेनेच्या मुख्यमंत्र्यांसोबत भाजपचे गोपीनाथ मुंडे, १९९९ मध्ये काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांसोबत राष्ट्रवादीचे छगन भुजबळ, ही सगळी त्याच मोटेची दोरी आहे. अमेरिकेत दुसऱ्या माणसाला मतदार किंवा पक्षाचा गव्हर्नरपदाचा उमेदवार निवडतो. आपल्याकडे त्याला दोन पक्षांची बैठक निवडते. म्हणूनच अमेरिकी पद्धतीतील वारसाहक्क येथे नाही. न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये एलियट स्पिट्झर आणि २०२१ मध्ये अँड्र्यू क्युओमो पायउतार झाल्यावर अनुक्रमे डेव्हिड पॅटरसन आणि कॅथी होकल आपोआप गव्हर्नर झाले. आपल्याकडे मुख्यमंत्र्यांचा राजीनामा झाला की त्यांच्यासोबत सारे मंत्रिमंडळ जाते, उपमुख्यमंत्रीही जातो, आणि राज्यपालांना बहुमताचा नवा नेता शोधावा लागतो.

तिसऱ्या रविवारी, १५ डिसेंबरला, नागपूरच्या राजभवनात मंत्रिमंडळाचा शपथविधी होता. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते ताफ्यांनी अडलेले, दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन, त्यामुळे वर्गात निम्मीच माणसे होती. मी मेट्रोने आलो म्हणून वेळेवर पोहोचलो. मॅडमनी फळ्यावर २८८ हा आकडा लिहिला. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली आहे, म्हणजे ४३.२, म्हणजे ४३. तिघांची शपथ आधी झालेली, उरले ४०. वर्ग संपता संपता मुले मोबाइलवर नावे मोजत होती. ती ३९ भरली आणि एक जागा शिल्लक राहिली. ही १५ टक्क्यांची मर्यादा उपमुख्यमंत्र्यांनाही लागू आहे, कारण ते मंत्रीच आहेत. मात्र उपमुख्यमंत्री किती असावेत यावर कोणतीच मर्यादा नाही. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये एकाच वेळी पाच होते, हे सांगताना मॅडमनी सिव्हिल लाइन्समधील उपमुख्यमंत्र्यांच्या ‘देवगिरी’ बंगल्याचा उल्लेख करून पाच बंगले कोठे बांधणार, असा प्रश्न टाकला.

चौथ्या रविवारविषयी थोडक्यात लिहिलेले बरे. मॅडम आल्या नव्हत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या सरांनी अडीच तास नोट्स वाचून दाखवल्या.

आता त्या नोट्सविषयी. अठ्ठेचाळीस पानांची ही पुस्तिका कोणी घाईत तयार केली आहे आणि तीत एक चूक अशी आहे की परीक्षेत ती उतरवली तर गुण हमखास जातील. लेफ्टनंट गव्हर्नर या शब्दाचे भाषांतर सर्वत्र ‘नायब राज्यपाल’ असे केले आहे. शब्दकोशात ते चालेलही, पण आपल्याकडे नायब राज्यपाल म्हणजे दिल्ली, पुदुच्चेरी किंवा जम्मू-काश्मीरसारख्या केंद्रशासित प्रदेशाचा प्रशासक, ज्याला राष्ट्रपती नेमतात आणि जो तेथे दुसरा नव्हे तर पहिला असतो. पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर तर मेरीलँडच्या अरुणा मिलर यांच्या निवडीखालीच केंद्रशासित प्रदेशांच्या प्रशासनाचा अनुच्छेद २३९ छापला आहे. मिलर यांचा जन्म हैदराबादचा असला, तरी २०२२ च्या निवडणुकीत त्यांना मेरीलँडच्या मतदारांनी गव्हर्नर वेस मूर यांच्या जोडीने निवडून दिले. राष्ट्रपतींचा त्यात काही संबंध नाही. तहसील कार्यालयात आयुष्य घालवलेल्या माणसाला नायब तहसीलदार आणि नायब राज्यपाल यांतील अंतर कळते, पण पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना ते कोणी सांगायचे? मी ही चूक कार्यालयात दाखवली, तेव्हा ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ असे उत्तर मिळाले.

उत्तरे तपासण्याचे आश्वासनही अर्धेच पाळले गेले. दोनपैकी एकच उत्तर परत आले, त्यावर शेवटी एक बरोबरची खूण आणि ‘छान’ एवढाच शब्द होता. आधीच चांगले लिहिणाऱ्याला अशा तपासणीचा काही उपयोग नाही आणि वाईट लिहिणाऱ्याला त्याहून नाही.

हिशेब मांडायचा तर मॅडमचे तीन रविवार पूर्ण पैसे वसूल करणारे आहेत, नोट्स घेतल्या नाहीत तरी चालतील, आणि पुढील बॅचला जाणाऱ्यांनी चारही वेळा मॅडमच शिकवणार का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. मी दुसरे उत्तर शेवटी मॅडमनाच गाठून दाखवले. ‘उपमुख्यमंत्रीपद हे घटनात्मक नसून राजकीय आहे, चर्चा करा’ असा प्रश्न होता. त्यात मी देवीलाल घातले, टेक्सास घातले, १५ टक्केही घातले होते. त्यांनी जिन्यातच उभ्या उभ्या ते वाचले, दहापैकी सहा गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिले, ‘नागपुरात राहून तिरपुडे विसरलात?’