मॉझर सी ९६: पहिल्या दहा गोळ्यांपुरतं

व्हिक्टोरिया राणीच्या काळात ब्रिटिश अधिकाऱ्याला कमरेचं पिस्तूल स्वतःच्या पैशांनी घ्यावं लागे. बहुतेकांची पसंती वेब्ली रिव्हॉल्व्हरला, कारण .४५५ ची काडतुसं लष्कराच्या साठ्यातून मिळत. विन्स्टन चर्चिलने १८९८ मध्ये सुदानच्या मोहिमेत जर्मन मॉझर सी ९६ पिस्तूल नेलं. त्यामागचं कारण मुंबईचं आहे. १८९६ मध्ये ससून डॉकच्या पायऱ्यांवर उतरताना त्याचा उजवा खांदा निखळला होता. त्या हाताने घोड्यावरून तलवार चालवणं धोक्याचं झालं.

अशा खांद्याच्या माणसासाठी निवड चोख. ७.६३ मिमीची साडेपाच ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने सुटते. वेब्लीची गोळी जड, पण बरीच संथ. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा, इथे दहा. लाकडी म्यान दस्त्याच्या खाचेत बसवलं की तेच खांद्याला टेकायचा कुंदा होतं. नेम धरायच्या मागच्या साईटवर हजार मीटरपर्यंतचे आकडे कोरलेले असतात, ते मनावर घेऊ नयेत.

खरी रड पुन्हा भरताना. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढता येत नाही. बोल्ट, म्हणजे नळीत काडतूस ढकलणारा सरकता दट्ट्या, मागे अडकला की दहा काडतुसांची पत्र्याची पट्टी वरच्या खाचेत उभी धरायची, अंगठ्याने काडतुसं खाली दाबायची आणि रिकामी पट्टी उपसायची. ती निघताच बोल्ट पुढे झेपावतो. पट्टी हरवली तर एका हाताने बोल्ट मागे धरून एकेक काडतूस कोंबत बसा. लगाम धरलेल्या स्वाराने हे कसं करायचं? २ सप्टेंबरला सुदानातल्या ओमदुरमानला चर्चिल ज्यात होता त्या २१व्या लान्सर्स या घोडदळाच्या पलटणीचा हल्ला जेमतेम दोन मिनिटांचा, त्यामुळे चर्चिलचं एका भरणीत भागलं. चकमक लांबली असती तर हेच पिस्तूल अंगाशी आलं असतं. शिवाय ७.६३ ची काडतुसं लष्कराकडे मागून मिळत नसत. पट्ट्यांसकट सगळा साठा आपणच वाहायचा.

साफसफाई मात्र सुखाची. आत एकही स्क्रू नाही, सगळे भाग एकमेकांत अडकवलेले. स्क्रू फक्त दस्त्याच्या लाकडी फळ्यांना. मॅगझिनचा तळ गोळीच्या टोकाने खटका दाबूनच सुटतो. वाळवंटात ही गोष्ट मोलाची, कारण इतक्या नेटक्या बसवलेल्या भागांत रेती गेली की बोल्ट अर्ध्यावर रेंगाळतो. दस्ता झाडूच्या दांड्यासारखा गोल आहे, मोठ्या हाताला तो अपुरा पडतो.

तेव्हाच्या अधिकाऱ्याने दुसरं शस्त्र म्हणून घ्यावं. एकच बाळगायचं असेल तर वेब्लीच बरं.